मुलगी सत्तेचाळीस ऐकते आणि 74 लिहिते. हातानं खेळायचे खेळ सुचवा

रात्रपाळी · सोमवार, रात्री 11:20

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, अशोक चौकाच्या पुढं राहतो. टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. मुलगी दुसरीत, मराठी शाळेत. घरात आम्ही तेलुगू बोलतो, गल्लीत मराठी, भिंतीपलीकडं कन्नड. सोलापुरात असतं तसंच.

अडचण अशी आहे. सत्तेचाळीस लिही म्हटलं की ती 74 लिहिते. त्रेपन्न म्हटलं की 35. परवा एकोणपन्नासला 51 लिहिलं. का म्हणून विचारलं तर म्हणे, "एक म्हणलात की, मग पन्नास म्हणलात." मला पुढं बोलायला सुचलं नाही.

पण तीच पोरगी अव्वाजवळ, म्हणजे आजीजवळ, बसून विड्यांची बंडलं मोजते. अव्वा पंचवीसचं बंडल बांधते. चार बंडलं म्हणजे शंभर आणि हजाराला चाळीस, हे तिला कुणी शिकवलेलं नाही, बघून बघून आलंय. त्यामुळं ती ढ आहे असं मला वाटत नाही. शिकवणीच्या मॅडमना मात्र तसं वाटतंय. त्यांनी 1 ते 100 दहा वेळा लिहून आणायला सांगितलं. पोरीनं दहाही वेळा बरोबर लिहिलं, ओळीनंच असतंय ते. मधलाच आकडा विचारला की गाडी पुन्हा तिथंच.

मग मी ऑनलाइन मणीपाटी मागवली. साडेतीनशे गेले. त्यावर ती आता सिटी बस चालवते. मणी म्हणजे प्रवासी, खालच्या तारेवर कंडक्टर. खेळ चांगला आहे, पण गणित कुठाय त्यात?

आठवडाआड माझी रात्रपाळी असते, म्हणजे वेळ मिळतो तो अर्धा तास. घरातल्याच वस्तूंनी, हातानं करता येतील असे काही खेळ असतील तर सांगा. मोबाइलमधलं काही नको. एकदा तिच्या हातात दिला की परत मिळत नाही.

जुळे_सोलापूरकर · मंगळवार, सकाळी 8:05

साप-शिडी काढा. फक्त एक पथ्य पाळा. सोंगटी 23 वर असेल आणि फाशावर 4 पडले तर "एक, दोन, तीन, चार" म्हणत सरकवू द्यायची नाही. "चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस" असं घरांचे आकडे म्हणत जायचं. पहिल्या पद्धतीनं पोरगं शंभर डाव खेळलं तरी सहाच्या पुढं मोजत नाही. आमच्याकडं हा बदल केल्यावर आठवडाभर रडारड झाली, मग सवय लागली.

बेरजेवाले_काका · मंगळवार, सकाळी 10:30

हल्ली सगळ्याचा खेळच करायचा असं ठरलेलं दिसतं. आमचे वडील जुन्या मिलमध्ये होते. संध्याकाळी भोंगा झाला की आम्ही तोंडं धुऊन ओटीवर. परवचा, मग तीसपर्यंत पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी. चुकलं की पहिल्यापासून. आज सत्तराव्या वर्षी भाजीवाल्यानं पावशेराचा हिशेब सांगायच्या आत माझ्या हातात सुटे पैसे तयार असतात. चिंचोके खेळून हे आलेलं नाही. पाठांतराला पर्याय नाही. सत्तेचाळीस म्हणजे चार आणि सात, हे शंभर वेळा घोका, बसेल.

बालवाडीच्या_बाई · मंगळवार, दुपारी 3:15

रात्रपाळी दादा, मुलगी ऐकते तसंच लिहितेय. सत्तेचाळीस. आधी कानावर काय पडलं? सत्ते. मग चाळीस. तिनं आधी सात लिहिला, मग चार. तुमच्या घरी अव्वा काय म्हणते? नलभै एडु. चाळीस, सात. शेजारचे कन्नड लोक म्हणतात नलवत्तेळु. तेही चाळीस, सात. म्हणजे घरात आणि शेजारी ती जे ऐकते ते आकड्यांच्या क्रमानं आहे, आणि एकट्या शाळेतलं उलटं आहे. घोळ होणार नाही तर काय?

मी महापालिकेच्या शाळेत आधी बालवाडी आणि मग पहिली-दुसरी अशी एकतीस वर्षं काढली. माझ्या घरची भाषाही तेलुगूच. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर केवढी थट्टा झाली, आठवत असेल. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही हशा झाला. मला हसू आलं नाही. माझ्या वर्गातली निम्मी पोरं घरी 'वीस एक'च म्हणत होती, फक्त ते मराठीत नव्हतं.

आता काय करायचं ते सांगते. खराट्याच्या काड्या घ्या, बोटाएवढे तुकडे करा. शंभरेक झाले की पुरे. कुल्फीच्या काड्या मिळाल्या तर त्याहून बरं, टोचत नाहीत. दहा काड्या झाल्या की रबरबँड लावायचं. बांधायचं काम तिनंच करायचं, तुम्ही तयार जुड्या देऊ नका. ज्या हातानं दहा मोजून बांधले त्या हाताला पुन्हा मोजावं लागत नाही, बाकीच्यांना लागतं. अशा नऊ जुड्या आणि दहा सुट्या काड्या ठेवा.

मग अव्वानं तेलुगूत आकडा सांगायचा: नलभै एडु. पोरीनं डावीकडं चार जुड्या, उजवीकडं सात सुट्या मांडायच्या. मांडणीखाली पाटीवर खडूनं लिहायचं, चार जुड्यांखाली 4, सात काड्यांखाली 7. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही म्हणायचं, "याला शाळेत सत्तेचाळीस म्हणतात." नाव शेवटी, हे विसरू नका. आपण नेमकं उलटं करतो, नाव आधी सांगतो आणि वस्तू आणतच नाही. पंधरा दिवसांनी उलटा डाव: तुम्ही सत्तेचाळीस म्हणा, ती मांडेल. सात सुट्या आधी उचलून उजवीकडं ठेवल्या तर ठेवू द्या. मराठीत तसंच ऐकू येतं. जागा बरोबर असली म्हणजे झालं.

'एकोण'च्या आकड्यांसाठी 'चोर' खेळा. पाच जुड्या मांडायच्या. पोरीनं डोळे मिटायचे. चोरानं एकच काडी न्यायची. पण जुडी बांधलेली आहे, म्हणून चोराला रबर सोडावं लागतं. डोळे उघडल्यावर तिला दिसतं काय, तर चार जुड्या शाबूत आणि एक सुटलेली, त्यात नऊ. पन्नासातली एक गेली. एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी. मी वर्गात एवढंच सांगायचे की मराठीत आठ ठिकाणी चोर येऊन गेलाय: एकोणीस, एकोणतीस, तिथून थेट एकोणनव्वदपर्यंत. 51 लिहिणारी पोरं माझ्याकडं दरवर्षी असायची. काकांच्या पद्धतीनं घोकून घेतलं की सुधारायची, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर परत 51.

काका, रागवू नका. तुमची पावकी मलाही येते. पण तुम्ही ती पावशेर आणि आठ आणे हातात धरून शिकलात. या पोरीनं पावशेराचं माप कुठं पाहिलंय?

अंडी आणता का घरी? तीसचा कागदी ट्रे असतो, पाच गुणिले सहा. दोन-दोन ओळी धरून कापला की दहा-दहा खळग्यांचे बरोबर तीन तुकडे होतात, काही वाया जात नाही. एका तुकड्यात चिंचोके टाकायचे. सात टाकले की एक ओळ पुरी पाच आणि दुसरीत दोन, रिकामी तीन. पोरं काही दिवसांत मोजायचं सोडून नुसतं बघून सांगायला लागतात. तिथं बेरीज सुरू होते. आठ आणि पाच? आठवाला तुकडा भरायला दोन हवेत, ते पाचातून घ्या, तीन उरले. हातचा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

अष्टा-चम्मा तर तुमच्या घरात कुणाला ना कुणाला येतच असेल, अव्वाला विचारा. खडूनं पाच बाय पाचचा पट. कवड्या नसतील तर दोन चिंचोके फोडून चार फोडी करा, एक बाजू पांढरी, एक काळी. पांढऱ्या जितक्या पडतील तितकी घरं. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चम्मा. चारही काळ्या पडल्या तर आठ, अष्टा. सोंगटी उचलायच्या आधी विचारायचं, "कुठल्या घरात जाणार, बोट ठेव." एवढा एक प्रश्न घातला की तोच खेळ गणिताचा होतो. तसं न विचारता खेळलात तरी मजा येतेच, बिघडत काही नाही.

साप-शिडीबद्दल वर लिहिलंय ते अगदी बरोबर. पण तो पट नागमोडी जातो. पहिली ओळ डावीकडून, दुसरी उजवीकडून, त्यामुळं 7 च्या डोक्यावर 14 येतात. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं स्वतःचा पट आखा, सगळ्या ओळी डावीकडून. मग 7, 17, 27, 37 एकावर एक बसतात आणि पोरगी एक दिवस आपणच ते तुम्हाला दाखवायला येते. आपण आधी बोलायचं नाही. मला कधी जमलं नाही ते, जीभ वळवळायची.

पैशांचे खेळ एवढ्यात नकोत. दहाच्या नाण्यात दहा रुपये दिसत नाहीत, जुडीत दहा काड्या दिसतात. जुड्या पक्क्या झाल्या की मग नाणी.

प्रशिक्षणात आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल सांगायचे. 1945 ला बोर्डीत आणि पुढं कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवल्या त्या खडे, बिया, शिंपले, पानं यांवर. माँटेसरीबाईंच्या पद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हतीच, पण पोरांच्या ओळखीची वस्तू हवी हाही विचार होता. तुमच्या घरात ओळखीची वस्तू म्हणजे टॉवेल. ते कसं वापरायचं ते तुम्हीच बघा.

दोन_पोरांची_आई · मंगळवार, रात्री 9:40

धाकटं भावंड असेल तर चिंचोके नकोत. आमच्या छोट्यानं नाकात घातला होता. रात्री दीड वाजता रिक्षा शोधत फिरलो. आता बाटल्यांची झाकणं वापरतो.

रात्रपाळी · सतरा दिवसांनी, दुपारी 1:50

सर्वांना, विशेष करून बाईंना नमस्कार. उशीर झाला, मधले दोन आठवडे ऑर्डरची गडबड होती.

पहिल्या दिवशीच फजिती झाली. काड्या दिल्या, "जुड्या बांध" म्हणलो आणि जेवायला बसलो. येऊन बघतो तर प्रत्येक जुडीत बारा. म्हटलं, दहा सांगितले होते की! तर म्हणते, "तुम्ही बाराच बांधता की." खरं आहे. नॅपकीन आमच्याकडं डझनावर बांधतात, रविवारी ती कारखान्यात आली की तेच बघत बसते. तिकडून अव्वा म्हणाली, पंचवीसची बांध, हिशेबाला सोपं पडतं. म्हणजे एका घरात बाराची, पंचवीसची आणि बाईंची दहाची, अशा तीन जुड्या. मी वैतागलो होतो, पण मग तिलाच विचारलं, शाळेच्या पाटीवर कुठली जुडी चालते? तिनं विचार केला आणि दहाची म्हणाली. का, ते नाही सांगता आलं. पण म्हणाली.

मग घरातले फाटके नॅपकीन काढले. दहाची एक घडी, दोरीनं बांधून. काड्यांपेक्षा हे तिला आवडलं, कारण मी 'मालक' होतो आणि ती 'पॅकिंगवाली'. "मुप्पै ऐदु पीस पाठवा" म्हणलो की तीन गठ्ठे आणि पाच सुटे दारापर्यंत आणून देते आणि कागदावर चलन लिहिते. 35. एकदाही 53 झालं नाही. मराठीत पस्तीस म्हणलो की अजून थांबते, डोळे वर करते, ओठ हलतात. आतल्या आत तेलुगूत म्हणून बघत असणार. मग बरोबर लिहिते. हे चालतं का बाई? की मोडायचं?

चोराचा खेळ अव्वानं ताब्यात घेतलाय. ती दोन-दोन काड्या पळवते आणि पोरीला फसवते, मग दोघींची भांडणं. पण एकोणपन्नास आता 49 येतं. एकोणसत्तर चुकतं अजून, कारण तिला सत्तर म्हणजे किती तेच पक्कं नाही. सात जुड्या म्हणलं की लगेच कळतं.

बाईंनी सांगितलं नव्हतं, पण एक खेळ आमचा आम्हीच काढलाय. सात रस्त्याला सिग्नलवर उभं राहिलं की गाड्यांच्या पाट्या. एम.एच. 13 तर सगळ्यांचंच असतं, ते सोडायचं. शेवटचे दोन आकडे जो आधी मराठीत सांगेल त्याला एक गुण. गाडी बाहेरच्या जिल्ह्याची असली तर दोन. काल ती माझ्यावर जिंकली. मी हरायचं ठरवलं नव्हतं, 87 ला मीच अडखळलो.

साप-शिडीचा सरळ पट आखला, पण शिड्या काढायला विसरलो, त्यामुळं सध्या नुसते साप आहेत. चिंचोके बंद, झाकणं सुरू. मणीपाटीची बस अजून धावते.

बालवाडीच्या_बाई · त्याच दिवशी, संध्याकाळी 6:10

आतल्या आत तेलुगूत म्हणते ते अजिबात मोडू नका. मी आजही भाजीचा हिशेब तेलुगूतच करते आणि मराठीत बोलते. तिचा वेग आपोआप वाढेल. शिकवणीच्या मॅडमना जमलं तर एवढं सांगा की तिला लिहायला दोन सेकंद जास्त द्या.

बाराच्या जुड्यांचं वाचून मी एकटीच हसत बसले. त्या मोडल्या नसतील तर ठेवा. चौथीत डझनाची उदाहरणं येतील तेव्हा काढा.

अव्वा दोन काड्या पळवते तर पळवू द्या, पण नावही तिलाच सांगायला लावा. पन्नासातून दोन गेल्या, अठ्ठेचाळीस. तिथं मराठीत चोर का नाही, असं पोरगी विचारेल. विचारलंच तर मला कळवा.

बेरजेवाले_काका · त्याच दिवशी, रात्री 8:25

विड्यांच्या बंडलांवर पावकी शिकवा. एक पाव पाव, बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. शंभराचा पाव म्हणजे पंचवीस, बंडल समोर आहेच. पावशेराचं माप नसलं म्हणून अडत नाही. तंबाखूला हात लावू देऊ नका, बांधलेली बंडलं दुरूनच मोजायची.

रात्रपाळी · दुसऱ्या दिवशी, रात्री 10:55

काका, पाव सुरू केलंय. अव्वाला ते आधीच येत होतं, आम्हाला माहीत नव्हतं.

बाई, तुम्ही म्हणालात तो प्रश्न तिनं विचारला नाही. दुसराच विचारला. शंभर नॅपकीनांच्या दहा घड्या लावल्या, अव्वानं एक काढला. तर पोरगी म्हणाली, एकोणशंभर. मी म्हणलो, नाही, नव्व्याण्णव. तर का म्हणून भांडायलीय. काय सांगू?

बालवाडीच्या_बाई · रात्री 11:10

संस्कृतात नवनवति, नऊ आणि नव्वद. त्यावरून नव्व्याण्णव. तिथं मराठीनं चोर सोडून दिला. तिला सांगा, माझ्या वर्गात असतीस तर एकोणशंभरला पूर्ण गुण दिले असते.

बेरजेवाले_काका · रात्री 11:30

परीक्षेत कापतील. नव्व्याण्णवच लिहायला सांगा.

रात्रपाळी · रात्री 11:45

सांगितलं काका. ती म्हणाली, "मग आठ वेळा कशाला म्हणायला लावलं?"